ड्राइव्हशाफ्टचा सुरक्षा लूप पुन्हा पुन्हा ठोके देतो, सैल होतो आणि तपासणीत अडतो: कारणे व उपाय

क्लच सुटून गाडी रेषेवरून निघाली की पहिल्या काही फुटांतच आसनाखालून दोन-तीन जोरदार ठोके ऐकू येत, दुसरा गिअर पडताना तोच आवाज आणखी एकदा येई आणि त्यानंतर उरलेला पाव मैल गाडी निमूट धावे. गाडी १९८९ची फोर्ड मस्टँग, पाच लिटरचे व्ही-८ इंजिन, पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि मागे स्लिक, म्हणजे खाचा नसलेले गुळगुळीत, टायर. मिशिगनमध्ये एका मित्राच्या गॅरेजमध्ये आम्ही दोघे ती ड्रॅग रेससाठी, म्हणजे पाव मैलाच्या सरळ धावेच्या शर्यतीसाठी, तयार करत होतो आणि हा आवाज ड्राइव्हशाफ्टभोवती बसवलेल्या लोखंडी लूपमधून, म्हणजे कड्यातून, येतो आहे, हे पहिल्याच दिवशी लक्षात आले होते. तरीही एका हंगामात तो लूप आम्ही तीन वेळा काढला आणि तीन वेळा बसवला, कारण प्रत्येक वेळी आम्ही लूपमध्येच दोष शोधत राहिलो. हीच अडचण अनेकांना येते आणि बहुतेक जण त्याच क्रमाने त्याच चुका करतात, म्हणून आम्हाला जे उमगले ते मापांसह येथे लिहीत आहे.

आधी हा लूप कशासाठी असतो ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्याची जागा कोणती हे त्याच्या कामावरूनच ठरते. आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला प्रोपेलर शाफ्ट किंवा नुसता जॉइंट शाफ्ट म्हणतात, तो ड्राइव्हशाफ्ट गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जातो आणि त्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस असतात. मागचा क्रॉस तुटला तर शाफ्टचे मागचे टोक जमिनीवर पडून फरफटत जाते. नुकसान होते, पण शाफ्ट गाडीच्या मागे ओढला जात असल्यामुळे तो जमिनीत रुतत नाही. पुढचा क्रॉस तुटला तर मात्र शाफ्टचे पुढचे टोक खाली येते, मागचे टोक अ‍ॅक्सलला जोडलेलेच राहते आणि फिरणारी चाके शाफ्टला त्याच वेगाने फिरवत ठेवतात. ते टोक रस्त्याच्या एखाद्या सांध्यात अडकले तर बांबू रोवून उडी मारणाऱ्या खेळाडूसारखी गाडीची मागची बाजू उचलली जाऊ शकते. तसे झाले नाही, तरी मोकळे टोक वर-खाली आपटत मजल्याचा पत्रा फाडते. हे सुटलेले टोक धरून ठेवणे हेच लूपचे काम. आमचा शाफ्ट ८९ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि चौथ्या गिअरमध्ये, म्हणजे थेट एकास एक प्रमाणात, तो मिनिटाला ६५०० फेरे घेतो. त्या वेळी त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे ३० मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ११० किलोमीटर असतो. अमेरिकी गाडीत चालकाचा उजवा पाय आणि हा शाफ्ट यांच्यामध्ये जेमतेम एक मिलिमीटरचा पत्रा असतो.

अमेरिकेत १९५१मध्ये वॉली पार्क्स यांनी स्थापन केलेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमांत याची मापे स्पष्ट दिलेली आहेत. लूप शाफ्टभोवती पूर्ण ३६० अंशांचा असावा. तो किमान पाव इंच जाड व दोन इंच रुंद पट्टीचा किंवा सात-अष्टमांश इंच व्यासाच्या आणि ०.०६५ इंच जाडीच्या वेल्ड केलेल्या पोलादी पाइपचा असावा. आणि पुढच्या युनिव्हर्सल जॉइंटपासून सहा इंचांच्या आत भक्कम बसवलेला असावा. स्लिक टायर लावून पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात कापणाऱ्या गाडीला तो सक्तीचा आहे. रस्त्यावरचे साधे टायर असतील आणि वेळ ११.४९ सेकंद किंवा त्याहून अधिक असेल, तर सूट मिळते. माझे स्पष्ट मत असे आहे की गाडी मागच्या चाकांवर चालत असेल आणि तुम्ही तिला पूर्ण जोर देऊन रेषेवरून सोडत असाल, तर सूट मिळत असली तरी लूप लावावा.

आमच्या चुका

पहिल्यांदा ठोका आला तेव्हा लूप काढून पाहिला. त्याच्या वरच्या भागात आतल्या बाजूला घासल्याची खूण होती, म्हणून तेवढी जागा ग्राइंडरने खरवडून काढली आणि तो परत बसवला. ठोका थोडा बोथट झाला, थांबला नाही. शिवाय जेथे खरवडले तेथे पट्टीची जाडी पाव इंचापेक्षा कमी झाली, म्हणजे सुरक्षेसाठी लावलेली वस्तू आम्ही आमच्याच हातांनी निकामी केली होती. तो लूप भंगारात टाकून नवा आणावा लागला.

दुसऱ्या वेळी, मागे बोगद्याची, म्हणजे शाफ्टसाठी मजल्याच्या पत्र्यात केलेल्या उंचवट्याची, उंची जास्त आहे आणि तेथे एक्झॉस्टचा आडवा पाइपही मध्ये येत नाही, असा विचार करून नवा लूप क्रॉसपासून साडेआठ इंचांवर नेला. त्यामुळे दोन गोष्टी घडल्या: ठोका वाढला आणि पुढच्या शर्यतीच्या सकाळी तपासनिसाने खाली वाकून टेप लावला व गाडी परत पाठवली. तपासनिसाचे बरोबरच होते. लूप जितका मागे, तितका त्याच्या पुढचा शाफ्टचा मोकळा भाग लांब असतो, आणि क्रॉस तुटल्यावर तो लांब भाग लूपवर तरफेसारखा जोर लावत राहतो. पण मागे नेल्यावर ठोका का वाढला, हे त्या दिवशी आम्हाला कळले नव्हते आणि खरे उत्तर नेमके त्यातच होते.

खुणा कशा वाचाव्यात

तिसऱ्या वेळी लूप काढला तेव्हा आम्ही घाई केली नाही. शाफ्ट खाली उतरवून बाकावर ठेवला आणि दिव्याखाली हाताने फिरवून पाहिला. काळ्या रंगावर दोन बोटे रुंदीचा एक चकचकीत पट्टा शाफ्टच्या संपूर्ण घेराभोवती उमटला होता. कोठेही खंड नव्हता आणि सगळीकडे चमक सारखी होती. लूपवर मात्र खूण एकाच जागी होती: अगदी वर, मध्यापासून किंचित डावीकडे, करंगळीएवढ्या लांबीचा भाग घासून आरशासारखा झाला होता आणि बाकीच्या घेरावरचा रंग जसाच्या तसा होता.

या दोन खुणा एकत्र वाचल्या की निम्मे निदान होते. लूपवर एकाच जागी खूण आणि शाफ्टवर पूर्ण पट्टा असेल, तर शाफ्ट सरळ आहे आणि फिरता फिरता तो पूर्णपणे त्या जागेकडे सरकतो आहे. अशा वेळी दोष सस्पेन्शन, माउंटिंग किंवा बसवण्याच्या जागेत असतो. याच्या उलट, शाफ्टवर एकाच बाजूला खूण आणि लूपवर मात्र सगळीकडे घासल्याचा पट्टा असेल, तर शाफ्टच वाकलेला आहे किंवा त्याचा तोल गेलेला आहे, कारण त्याचा एकच उंच भाग लूपच्या प्रत्येक जागेला स्पर्श करत फिरतो आहे. असा शाफ्ट घेऊन रेषेवर जाऊ नये; तो लेथवर किंवा व्ही-ब्लॉकवर डायल गेज लावून तपासावा आणि बॅलन्स करणाऱ्याकडे द्यावा. लूपच्या बाजूला खूण असेल, तर बसवताना मधोमध साधला गेला नाही किंवा अ‍ॅक्सल आडवा सरकतो आहे. या मस्टँगमध्ये अ‍ॅक्सल आडवा सरकू नये याची जबाबदारी तिरक्या बसवलेल्या वरच्या दोन आर्मवर असते, म्हणून त्यांचे रबरी बुश आधी पाहावेत.

आमच्या लूपवरची खूण वर होती, म्हणजे शाफ्ट वर येत होता. प्रश्न एवढाच उरला की तो नेमका किती आणि कशामुळे वर येतो.

ठोक्यामागचे गणित

शाफ्टची दोन क्रॉसमधली लांबी सुमारे ४५ इंच, म्हणजे ११४३ मिलिमीटर आहे. सुरुवातीला लूपचा मध्य पुढच्या क्रॉसपासून १२० मिलिमीटरवर होता. लूपचा आतला व्यास पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर, आणि शाफ्टचा व्यास ८९ मिलिमीटर. तेव्हा शाफ्ट अगदी मधोमध असेल तर भोवती १९ मिलिमीटर जागा राहते. ही जागा पुरेशी वाटते आणि ती पुरेशीच असते, पण आमचा शाफ्ट मधोमध नव्हता.

लूप बसवताना गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर होती. अशा लिफ्टवर गाडी बॉडीवर उचलली जाते आणि अ‍ॅक्सल खाली लोंबतो. आम्ही नंतर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही स्थितींत मोजले, तेव्हा चाकांवर उभ्या असलेल्या गाडीपेक्षा लोंबत्या अ‍ॅक्सलमध्ये ९० मिलिमीटरचा फरक निघाला. अ‍ॅक्सल ९० मिलिमीटर खाली गेला की क्रॉसपासून १२० मिलिमीटरवर शाफ्ट ९० गुणिले १२० भागिले ११४३, म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटर खाली जातो. त्या खाली गेलेल्या शाफ्टभोवती आम्ही लूप अगदी काटेकोरपणे मधोमध साधला होता. गाडी चाकांवर उतरताच शाफ्ट साडेनऊ मिलिमीटर वर आला आणि वरची १९ मिलिमीटर जागा निम्मी झाली. लूप बसवणाऱ्यांकडून सर्वाधिक होणारी चूक हीच आहे, आणि ती लक्षात येत नाही, कारण लिफ्टवर खालून पाहिले तर सगळे उत्तम दिसते.

रेषेवरून सुटताना गाडी मागे बसते. आमच्या गाडीत हे बसणे ४० मिलिमीटरच्या आसपास होते, त्यातून लूपच्या जागी शाफ्ट आणखी चार मिलिमीटर वर येतो. एवढ्याने एकूण साडेतेरा मिलिमीटर झाले. अजूनही स्पर्श व्हायला नको होता.

उरलेले कारण गिअरबॉक्सच्या शेपटीखाली होते. गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग इंजिनच्या तेलाने फुगलेले होते आणि वरून शाबूत दिसत असले, तरी त्याचे रबर खालच्या पत्र्यापासून एका बाजूने सुटलेले होते. गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळा ठेवून पहारीने हलके उचलले, तर शेपूट १२ मिलिमीटर वर गेली आणि पहार सोडताच खाली बसली. जोर लागला की इंजिन आणि गिअरबॉक्स एका बाजूला पिळवटतात आणि सुटलेले माउंटिंग त्यांना धरू शकत नाही. पुढचा क्रॉस गिअरबॉक्सच्या शेपटीबरोबरच उचलला जात असल्यामुळे त्या १२ मिलिमीटरपैकी जवळजवळ पावणेअकरा मिलिमीटर थेट लूपच्या जागी पोहोचतात. साडेनऊ, चार आणि पावणेअकरा मिळून सव्वाचोवीस मिलिमीटर, आणि जागा १९. ठोका येथून येत होता.

या बेरजेत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. माउंटिंग चांगले असते, तर लिफ्टवरची चूक खपून गेली असती. लूप योग्य उंचीवर बसवला असता, तर सुटलेले माउंटिंगही पंधरा मिलिमीटरच्या आत भागले असते. दोन दोष एकमेकांच्या अंगावर पडले तेव्हाच आवाज झाला, म्हणून एकच दोष शोधणाऱ्याला तो सापडत नाही. लूप साडेआठ इंचांवर नेल्यावर ठोका का वाढला, हेही आता उलगडते. तेथे गाडी मागे बसल्याने होणारी हालचाल चारवरून साडेसात मिलिमीटर होते आणि लोंबत्या अ‍ॅक्सलची चूक साडेनऊवरून सतरा मिलिमीटर होते. माउंटिंगमुळे होणारी हालचाल तेवढी एका मिलिमीटरने घटते. जागा कमी पडते म्हणून लूप मागे नेणे हा उपाय दिसायला सोपा आहे, पण अ‍ॅक्सलची प्रत्येक हालचाल मागच्या बाजूला मोठी होत जाते. लूप पुढे, क्रॉसच्या जवळ असणे नियमाच्या दृष्टीनेही बरोबर आहे आणि जागेच्या दृष्टीनेही.

दुरुस्ती

गाडी चार खांबांच्या, म्हणजे चाकांवर उभी राहणाऱ्या लिफ्टवर घ्यावी. ती नसेल, तर जॅकने उचलून अ‍ॅक्सलच्या नळीखाली दोन्ही बाजूंना घोड्या लावाव्यात, पुढच्या चाकांना अडणी द्यावी आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचे अंतर जमिनीवर होते तेवढे आले आहे की नाही, ते टेपने ताडून पाहावे. जॅकवर भरवसा ठेवून कोणीही गाडीखाली जाऊ नये. गिअरबॉक्सचे माउंटिंग आधी बदलावे आणि मगच लूपची उंची ठरवावी, कारण नवे माउंटिंग शेपटीची मूळ उंचीही बदलते. आम्ही पॉलियुरेथेनचे माउंटिंग घातले. त्यामुळे गाडीत कंप थोडा वाढतो, पण पहारीने उचलून पाहिले तर शेपूट आता तीन मिलिमीटरपेक्षा जास्त हलत नाही.

लूपचा मध्य आम्ही पुन्हा १२० मिलिमीटरवरच ठेवला. पट्टी दोन इंच रुंद असल्यामुळे तिची मागची कड १४५ मिलिमीटरवर येते आणि सहा इंच, म्हणजे १५२ मिलिमीटरच्या आत राहते. मोजमाप मागच्या कडेपर्यंतच घ्यावे, म्हणजे तपासणीच्या वेळी वादाला जागा राहत नाही. एक्झॉस्टचा आडवा पाइप आड येत होता, तो कापून खाली वळवून घेतला. एक्झॉस्टसाठी लूप हलवण्यापेक्षा लूपसाठी एक्झॉस्ट हलवणे केव्हाही चांगले. दोन तुकड्यांचा, बोल्टने जोडला जाणारा लूप घ्यावा. एकसंध कडे वेल्ड करून टाकले, तर पुढे क्लचच्या कामासाठी शाफ्ट काढताना ते कापावे लागते. आणि ज्याची वरची बाजू बोगद्याचा पत्राच आहे, असा यू आकाराचा अर्धा पट्टा लावून समाधान मानू नये, कारण पत्रा म्हणजे लूप नव्हे.

आता सैल होण्याविषयी. आमचे बोल्ट दर तीन-चार धावांनंतर ढिले होत होते. लूप मजल्याच्या पत्र्याला बोल्ट केला होता आणि पत्रा व वॉशर यांच्यामध्ये गंजरोधक डांबराचा जाड थर तसाच राहिला होता. बोल्ट आवळताना तो थर दाबला जातो, गाडी तापली की मऊ होऊन बाजूला सरकतो आणि बोल्टचा ताण निघून जातो. नट कितीही घट्ट आवळला किंवा आट्यांना कितीही चिकटद्रव लावले, तरी खालचा थरच दबत असेल तर उपयोग होत नाही. डांबर पूर्ण खरवडून पत्रा उघडा करावा, त्यावर प्रायमरचा पातळ हात द्यावा आणि मजल्याच्या वरच्या बाजूस तीन मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी पोलादी पट्टी ठेवून पत्रा दोन पोलादी तुकड्यांच्या मध्ये धरावा. याहूनही चांगला मार्ग म्हणजे लूप पत्र्याऐवजी सबफ्रेम कनेक्टरना, म्हणजे गाडीखालच्या पुढच्या व मागच्या सांगाड्याला जोडणाऱ्या पोलादी दांड्यांना, जोडणाऱ्या आडव्या पोलादी पट्टीवर बसवणे. आम्ही शेवटी तेच केले. अ‍ॅल्युमिनियमच्या गिअरबॉक्स हाउजिंगवर लूप टांगू नये, कारण शाफ्ट तुटताना ते हाउजिंगच आधी फुटले तर लूप त्याच्याबरोबर खाली येतो. बोल्ट तीन-अष्टमांश इंचाचे ग्रेड ८चे, नट नायलॉन कडेचे असावेत, आणि आवळून झाल्यावर नट ते पट्टी अशी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढावी. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर पाना लावण्याआधीच कळते.

वेल्डिंग करायचे असल्यास बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, आतला गालिचा व आसन बाहेर काढावे आणि पेट्रोल व ब्रेकच्या नळ्या कोठून जातात ते खाली झोपून स्वतः पाहावे. आत एक माणूस अग्निशामक घेऊन बसलाच पाहिजे, कारण बाहेरून वेल्ड करणाऱ्याला आत धुमसणारा सीलंट दिसत नाही.

पुण्या-कोल्हापूरकडे लूप घडवून घेणाऱ्यांसाठी एक खास सूचना. आपल्याकडे बाजारात सहज मिळते ती ५० बाय ६ची पट्टी, आणि फॅब्रिकेटर तीच ‘पाव इंची’ म्हणून देतो. पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर आणि दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर; ती पट्टी दोन्ही मापांत कमी पडते. ८ मिलिमीटरच्या प्लेटमधून ५५ रुंदीची पट्टी कापून घ्यावी. पाइपचेही तसेच आहे: सात-अष्टमांश इंच म्हणजे २२.२ मिलिमीटर आणि जाडी १.६५ मिलिमीटर लागते, तेव्हा २२ बाय १.६चा पाइप न घेता २५ बाय २चा घ्यावा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना हा लांब शाफ्टच नसतो, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना याची गरज नाही. पण जुनी पद्मिनी, जीप किंवा बाहेरून आणलेली मस्टँग धावपट्टीवर उतरवणाऱ्याला ती आहे.

शाफ्ट बाहेर आहेच, तर क्रॉसही पाहून घ्यावेत. क्रॉसच्या टोकांवरच्या टोपीभोवती तांबूस गंजाची भुकटी दिसली, तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्या आहेत असे समजावे आणि क्रॉस बदलावा. हाताने फिरवताना मध्येच अडखळणारा क्रॉसही ठेवू नये.

सगळे बसवून झाल्यावर लूपच्या आतल्या बाजूला पूर्ण घेरात मास्किंग टेपचे दोन थर लावले आणि वरच्या जागी मुलांच्या खेळण्यातल्या मातीची एक पातळ वडी चिकटवली, म्हणजे शाफ्ट न टेकता किती जवळ आला तेही समजावे. आधी गॅरेजमध्ये अ‍ॅक्सल पूर्ण लोंबता ठेवून खालची जागा तपासली, मग तो चाकांच्या उंचीवर आणून वरची. त्यानंतर सहा धावा केल्या. प्रत्येक धावेनंतर दिवा घेऊन खाली पाहिले. टेपवर ओरखडा नव्हता, मातीच्या वडीवर कोठेही दाब उमटला नव्हता आणि चारही नटांवरच्या पांढऱ्या रेघा अखंड होत्या. सहाव्या धावेनंतर माती काढून टाकली. टेप मात्र हंगामभर ठेवला आणि दर महिन्याला बदलला.